पाटकऱ्याचं काय चुकलं?

पुण्याच्या संदेशवहन प्रयोगशाळेत ऋजुता हर्डीकरचा शब्द शेवटचा. घरोघरचे फोन वाहणाऱ्या प्रकाशतंतूची समयवाटप यंत्रणा तिनंच घडवली होती आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या माणसावरून तिचं नाव ठेवलं होतं, पाटकरी. त्यामुळे सकाळी दहाला सहकारी इम्तियाज बागवान मिरजेची तक्रार घेऊन आला, तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, एक्केचाळीस नंबरच्या घराचा आवाज तीन महिने तुटतोय."

"चौसष्ट घरांत एकच तंतू, इम्तियाज. एका क्षणी एकाच घराचा प्रकाश केंद्राकडे येऊ शकतो. कुणीतरी थांबणारच."

"पण बोलणं अडवायचं नाही, हा आपलाच नियम ना?"

"जिवंत बोलणं! पाटकरी शब्द ऐकत नाही, फक्त वेळा मोजतो. पलीकडून कधी झटकन, कधी थांबून, कधी लांबलचक उत्तर आलं की तो संवाद. त्याला पहिली पाळी. ठरावीक अंतरानं एकसारखाच आवाज आला, तर तिथं माणूस नाही, यंत्र आहे. यंत्राला उशिरा पोचलं तर काय बिघडतं?"

इम्तियाजनं आलेख उघडला. रोज साडेनऊला वीस मिनिटं बोलणं. पलीकडून पाव सेकंदाचा तोच तो आवाज. "मग यंत्रच म्हणायचं. त्या घरच्या आजोबांनी मात्र तक्रारीत लिहिलंय, 'माझं बोलणं मुलीपर्यंत पोचत नाही.' पलीकडचा नंबर बघा, शेवटी सात-शून्य-नऊ."

ऋजुतानं नंबर दोनदा वाचला. तो तिचाच होता. रोज मिरजेहून तिचे वडील, आप्पा, बोलत आणि ही बाई कळफलक बडवत 'हं' म्हणे. पाटकऱ्याची काडीची चूक नव्हती. इम्तियाजकडे बघायचीही तिला लाज वाटली. आज आप्पांचा फोन आलाच नव्हता, हे तिच्या आत्ता कुठं ध्यानात आलं.

तिनं तिथूनच फोन लावला. पलीकडून शब्द तुटक येत होते.

"आप्पा, कुठं आहात? काही खाल्लंत का? आवाज का असा?" ती विचारत गेली, थांबून ऐकत गेली. पडद्यावर एक्केचाळीस नंबर पहिल्या पाळीत सरकला आणि आवाज लख्ख झाला.

"अगं, पिशवी भरून आठपासून दाराच्या पायरीवर बसलोय. साडेअकराला डोळ्याचं ऑपरेशन ना? सोबत कुणी नसेल तर दवाखान्यात घेत नाहीत ते. दोनदा विचारलं होतं तुला, येशील ना? तू 'हं' म्हणालीस. गाडी चुकली का गं?"

सवयीचं 'हं' ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं.

"नाही आप्पा. मी पुण्यातच आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐकतच नव्हते."

आप्पांनी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणाले, "हं."