गिरणेच्या डोहाला दिलेली ओ

चाळीसगावच्या पेठेत एक लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, तमाशाच्या जाहिराती, दुकानांची बिलं असलं काम तिथे चालायचं. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला चुडामण नावाचा तीस-बत्तीस वर्षांचा माणूस होता. सहा दिवस शाईच्या वासात मान खाली घालून उभा राहणारा, अबोल, थोडा भित्रा. पण कार्तिक लागला, कपाशी फुटली, वांग्यांना रंग चढला, की त्याचं चित्त कामात राहत नसे. रविवारी उजाडायच्या आत तो आणि त्याचा मित्र सत्तार सायकलींवर टांग टाकून गिरणेची वाट धरायचे. सत्तारचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे सायकली फुकटच्या. पाच-सहा कोस जायचं, दिवसभर नदीत डुंबायचं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत करायचं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी चापायचं, आणि दिवे लागायला घरी. हिवाळ्यातले असे चार-पाच रविवार चुडामणला वर्षभर पुरायचे.

त्यांची जागा ठरलेली होती. नदी तिथे एका उंच दरडीला धडकून वळते आणि वळणात एक डोह धरून ठेवते. अलीकडे पांढरी वाळू, पलीकडे ताडभर उंचीची काळी दरड. वाळूच्या वर, गाळाच्या मळईच्या कडेला, एका म्हाताऱ्याची खोपी होती. उन्हाळ्यात तो नदीत डांगर-टरबुजाच्या वाड्या लावायचा, हिवाळ्यात वांगी. सारे त्याला आबा म्हणत.

या आबांचं चुडामणला फार कौतुक. माणूस साठीला टेकलेला, अंगावर मांस म्हणून नाही, पण पाण्यात उतरला की बघत राहावं. तो हात मारायचा तर आवाज होत नसे, आणि मागे पाणी हललेलंही दिसत नसे. डोहात खडा टाकून, कान तिरपा करून, तो तिथली खोली सांगायचा, "आठे तीन पुरुष." दोरीला दगड बांधून सत्तारने एकदा मोजलं होतं. तीनच पुरुष भरलं.

चुडामणला पोहणं या आबांनीच शिकवलं. लहानपणापासून त्याला पाण्याची धडकी होती. पहिल्या हिवाळ्यात आबांनी त्याला नुसतं काठावर पाय सोडून बसवलं. दुसऱ्या वर्षी कमरेला दोन सुके भोपळे बांधले. तिसऱ्या वर्षी एक भोपळा सोडला, मग दुसरा, आणि चुडामणला कळलंही नाही. "पानीसंगे भांडू नको, भाऊ," आबा म्हणायचे. "ते उचलस तुले. तू फक्त पडी राह्य." इतक्या सबुरीने त्याला आयुष्यात दुसऱ्या कुणी काही शिकवलं नव्हतं.

फक्त एक अट होती, आणि ती आबांनी पहिल्याच दिवशी घातली होती. "डोहवर कोनं नाव लेवानं नही. भाऊ म्हना, आबा म्हना, काहीबी म्हना."

"का हो आबा?" सत्तारने हसत विचारलं होतं.

"डोहले कान शेतस," आबा म्हणाले. ते हसले नव्हते.

आबांचं नाव चुडामणला कळलं ते पहिल्या निवडणुकीच्या वेळी. त्यांची मतदानाची चिठ्ठी त्याने वाचून दाखवली होती, तीही नदीपासून लांब, गावातल्या पारावर बसून. लोटन. ते ऐकताना म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, चिठ्ठी घडी करून बंडीत ठेवली आणि विषय बदलला.

त्रेपन्न सालचा मार्गशीर्ष. त्या रविवारी चुडामण पहिल्यांदा डोह ओलांडणार होता. या काठावरून दरडीपर्यंत, भोपळ्यांशिवाय. आबांनीच तसं ठरवलं होतं. सत्तारने पऱ्हाट्या पेटवल्या. आबांची बायको धुरपदाबाई परातीत कळण्याचं पीठ मळत बसली. वांग्यांची साल तडकत होती, तिचा खरपूस वास वाळूवर पसरला होता. आभाळ लख्ख. डोक्यावर ऊन आलेलं.

"जाय भाऊ," आबा म्हणाले. "घाई करू नको. मी पाही राह्यनू."

चुडामण उतरला. पाणी गार होतं, पण चार हात मारल्यावर अंग सरावलं. वीस हात, तीस हात. त्याच्या खाली तीन पुरुष पाणी होतं आणि त्याला भीती वाटत नव्हती. त्याला आबांचा इतका अभिमान वाटला, की पोहता पोहता डोळे भरून आले.

तो बरोबर मध्यावर पोचला, तेव्हा सत्तारला राहवलं नाही. हातातलं लाकूड उंच करून तो ओरडला, "शाब्बास, चुडामण!"

आबा झटक्यात वळले. "नाव नको लेऊ!"

पण ते निसटून गेलं होतं. आणि मग सगळं थांबलं. वारा पडला. दरडीच्या बिळांतून सारखी ये-जा करणाऱ्या पाकोळ्या दिसेनाशा झाल्या. जाळाचा धूर सरळ वर चढू लागला. पाण्यावर एक वास आला... वर्षानुवर्षं न उघडलेल्या रांजणाचा.

"चुडामण..."

हाक दरडीकडून आली. आवाज सत्तारचा होता. चुडामणने मान वळवून मागे पाहिलं. सत्तार काठावर उभा होता, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

"चुडामण... ये रे..."

आता आवाज त्याच्या बापाचा होता. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात घसा बसला होता, तसाच बसलेला, मायेचा आवाज. चुडामणचं भय गेलं. छातीतून काहीतरी वर चढलं, ओठ आपोआप उघडले. ओ देण्याइतकं सोपं त्या घडीला जगात दुसरं काही नव्हतं.

"ओ!" काठावरून खणखणीत आवाज आला. "मी शे चुडामण! मी आठे शे! कसाले बलावस?"

आबा गुडघाभर पाण्यात उभे होते, छाती पुढे काढून.

चुडामणच्या पोटाखालून काहीतरी गेलं. त्याला ते दिसलं नाही, फक्त पाणी एकदम बर्फासारखं झालं आणि प्रवाहाच्या उलट, काठाकडे सरकलं. आबा शांतपणे म्हणाले, "तू पोहत राह्य, भाऊ. थांबू नको."

तो पोहला. कसा ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. हाताला दरडीचा खडक लागला, तो वर सरकून बसला आणि मागे वळला. आबा पाण्याबाहेर निघून वाळूवरून खोपीकडे चालले होते. त्यांच्या पाठोपाठ, कोरड्या वाळूवर, एक ओला पट्टा चढत होता. हातभर रुंद. आबा थांबले की थांबायचा, चालले की चालायचा. आबांना तो दिसत नव्हता. पट्टा त्यांच्या टाचांना भिडायला आला, आणि चुडामणच्या तोंडून किंकाळी गेली,

"लोटनआबा! मागे बघा!"

आबा वळले. पट्टा तिथल्या तिथे जिरला. पण म्हाताऱ्याने पट्ट्याकडे पाहिलं नव्हतं, डोहापलीकडे चुडामणकडे पाहिलं होतं. त्या नजरेत राग नव्हता. तेव्हा चुडामणला कळलं, आपण काय केलं ते. ज्याने आपल्याला वाचवलं त्याचंच नाव आपण डोहाला सांगितलं.

पुन्हा सगळं थांबलं.

"अहो... लोटन..."

आवाज चुडामणच्या अगदी जवळून आला, तो बसला होता त्या खडकाखालून. आवाज धुरपदाबाईचा होता. आणि धुरपदाबाई पलीकडे जाळापाशी, पिठाचे हात तसेच अधांतरी धरून, दगड होऊन बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"लोटन... या ना..."

आबांचा चेहरा बदलला. दुसऱ्यासाठी ओ देणारा, डोहाशी वाद घालणारा तो माणूस एकदम तरणा दिसू लागला. लाजल्यासारखा. त्यांचे ओठ हलले. ते एक पाऊल पाण्याकडे आले, मग दुसरं. धुरपदाबाईने खरोखर हाक मारायला तोंड उघडलं, पण ते नाव तिच्या तोंडून निघेना.

चुडामण उभा राहिला. तो भित्रा होता, हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. पण आवाज काढायचा कसा, ते त्याने आत्ताच ऐकलं होतं.

"ओ!" तो ओरडला. "मी लोटन! इथे आहे मी, तुझ्या डोक्यावर!"

दरडीतून भुसकन माती कोसळली. पलीकडे आबा झोपेतून उठल्यासारखे दचकले आणि गुडघ्यांवर बसले. खडकाखालचं पाणी मात्र आता हलत नव्हतं. ते वाट बघत होतं. चुडामणला परत जायला त्याच पाण्यातून जावं लागणार होतं. मागची दरड ताडभर उभी आणि ओली.

"ये, भाऊ," आबांनी हाक दिली. आवाज पूर्वीसारखा. "मी तुले शिकाडेल शे. ये."

तो उतरला. डोळे त्याने आबांवर ठेवले. अर्ध्यात त्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी पोहायला लागलं. हाताला हात, दमाला दम. त्याने तिकडे बघितलं नाही. कानाशी बारीक आवाज आला, "लोटन का?" आणि चुडामण धापा टाकत म्हणाला, "हो. लोटनच." पुढे आबा एका लयीत बोलत होते, "पडी राह्य... भांडू नको... उचलस ते तुले..." मग पायाला वाळू लागली, आणि आबांनी आणि सत्तारने त्याला काखेत धरून ओढून काढलं.

सत्तार रडत होता. "माझ्यामुळे झालं," तो सारखा म्हणत होता. धुरपदाबाईने भाकरी थापायला घेतल्या. भाकरी नेहमीसारख्याच गोल पडत होत्या. आबांनी वांगी सोलली, ठेचली, चुडामणच्या पानात पहिलं भरीत वाढलं आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "आवाज मातर तुन्हाच व्हता." तिने पदर तोंडाला लावला.

"आबा," चुडामणने विचारलं, "याआधी कितीजणांसाठी ओ दिली तुम्ही?"

"चार. तू पाचवा."

"आणि मग ते... काय करतं?"

"नाव लेई जास आनि त्या नावना मानूस धुंडस. मी तो नही. मंग त्याले कोन सापडी?" आबांनी एक पऱ्हाटी जाळात सरकवली. "मन्हं नाव त्याले मालूम नव्हतं, म्हनीसन मी नीट व्हतू. आज तू मन्हासाठी उभा राह्यना. आसं कोनी कोनासाठी करत नही, भाऊ."

ज्या माणसाने त्याला पाण्यात पडून राहायला शिकवलं, तो माणूस त्याच्यासमोर मान खाली घालून बसला होता.

पुढे आबा आणखी सहा हिवाळे जगले. खोपीत, बाजेवर, झोपेत गेले. चुडामण आणि सत्तार त्या सगळ्या हिवाळ्यांत गिरणेवर जात राहिले, आणि चुडामण पुढे इतका तरबेज झाला की सहलीला येणाऱ्या चाळीसगावच्या निम्म्या पेठेला त्याने पोहायला शिकवलं. कुणाचं नाव न घेता. डोहाने पुन्हा हाक दिल्याचं कुणी ऐकलं नाही. लोक अजून आबांची आठवण काढतात, आणि ती काढण्यासारखीच आहे.

पण त्या रविवारच्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं.

दिवे लागायच्या सुमाराला चुडामण घरी पोचला. सायकल भिंतीला टेकवली. बायको, लताबाई, चुलीपुढे होती. ती सहज म्हणाली, "तुमच्याकडे कुणी आलं होतं. दाराबाहेरूनच विचारलं, लोटन आहेत का म्हणून. मला आधी वाटलं तुम्हीच चेष्टा करताय, इतका तुमच्यासारखा आवाज. मी म्हटलं, इथे लोटन कुणी नाही."

"मग?" चुडामणने विचारलं.

"मग काही नाही. पाणी मागितलं. मी अर्धा तांब्या होता तो दार किलकिलं करून बाहेर दिला. बराच वेळ तोंडाला लावून होते. मग तांब्या आत सरकवला आणि गेले."

"कुठे आहे तांब्या?"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. चुडामणने रॉकेलची चिमणी उचलून जवळ नेली. तांब्या काठोकाठ भरलेला होता. घरात वारा नव्हता, जमीन हलत नव्हती. त्याने उदबत्तीची एक काडी मोडून पाण्यावर टाकली. काडी एका काठाकडून निघाली, सावकाश दुसऱ्या काठाला गेली, तिथे बुडाली, आणि पुन्हा पहिल्या काठापाशी वर आली.

तांब्यातलं पाणी वाहत होतं.