धरलं का?

आमच्या घरात भूतप्रेत चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही बौद्ध माणसं. उतारे, लिंबू-मिरची, अंगात येणं, यातलं काही माझ्या उंबरठ्याच्या आत मी येऊ दिलेलं नाही. तेव्हा मी सांगते आहे ते भुताचं नाही, आमच्या स्टोअरचं आहे. जरा जवळ बसा. आणि तो दिवा राहू द्या, लाइट असली तरी राहू द्या.

माझ्या लेकीच्या, करिष्माच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा दिवस होता. मे महिन्यातली दुपार, भिलाईचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि एक जास्तीची सतरंजी तेवढी स्टोअरमधून काढायची होती. इतकंच काम होतं.

स्टोअर म्हणजे जिन्याखालची खोली. खिडकी नाही, दिवसाही आत हात पुढे करून चालावं लागतं. ती करिष्माच्या बाबांची. ते स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते. जन्मभर आग आणि गॅसच्या शेजारी काम केलेला माणूस, त्यामुळे 'वेळ सांगून येत नाही' हे त्यांचं ब्रीदवाक्य. कंदील, वातीचा स्टोव्ह, रॉकेलचे डबे, कडुनिंबाचा पाला घातलेले तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, दोर, पिण्याच्या पाण्याचे डबे, सगळं जिथल्या तिथे. गल्ली हसायची, यांच्या नावाने "देवाजीचं राशन दुकान" म्हणायची. मीही कमी नव्हते. "युद्ध लागून राहिलं का?" असं रोज विचारायची. पण लॉकडाऊनमध्ये त्याच हसणाऱ्या गल्लीने आमच्याच डाळीला फोडणी दिली, तेव्हा हे मिशीतल्या मिशीत हसत होते.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. प्लांटमध्ये जड सामान एकमेकांच्या हाती देताना विचारायचं, "धरलं का?" पुढचा तोंडाने "धरलं" म्हणाल्याशिवाय सोडायचं नाही. ही शिस्त त्यांनी घरी आणली. चहाचा कप द्यायचा तरी "धरलं का?" मी चिडून गप्प बसले की कप दोघांच्या हातात तसाच राही आणि चहा थंड होई. शेवटच्या दिवशी त्यांनी स्टोअरची किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. माझ्याकडे बघत राहिले. मला तो एक शब्द काही बोलता आला नाही. किल्ली त्यांच्या मुठीतच राहिली. नंतर प्रफुलने, माझ्या मुलाने, हलक्या हाताने बोटं उघडून ती काढून घेतली.

दोन वर्षांपूर्वी ते गेल्यावर मी स्टोअर रिकामं केलं. तांदळाला सोंडे लागले होते. डबे आणि कंदील कबाडीवाल्याला दिले. राहिल्या त्या चार गाद्या आणि सतरंज्या. हे मी माझ्या हातांनी केलं आहे, हे लक्षात ठेवा.

तर साक्षगंध. मुलगा नागपूरचा, सुगत नाव, रेल्वेत आहे, हसरा आहे. पण त्या घरात शब्द चालतो तो त्याच्या आत्याचा, बेबीताईंचा. सुगतला त्यांनीच वाढवलं. घर बघून, माणसं बघून लग्नाची तारीख त्याच देणार होत्या. आणि करिष्माची आधीची एक सोयरीक 'पोरीले बाप नाही' एवढ्यावरून मोडली होती. त्या पोरीने तेव्हा महिनाभर धड जेवण केलं नव्हतं. म्हणून माझा जीव मुठीत होता.

बेबीताई आल्या, घरभर नजर फिरवली आणि पंख्याखाली बसत म्हणाल्या, "घर चांगलं आहे बाई. पण घरात कर्ता माणूस नसला म्हणजे कसं होते... वेळप्रसंग काय सांगून येते का?"

आमच्याच घरातलं ब्रीदवाक्य माझ्याच तोंडावर! मी हसले. दुसरं काय करणार?

आणि वेळप्रसंग आलाच. एवढ्यात पश्चिमेकडून आभाळ तपकिरी झालं. मग अंधड सुटलं. कुणाचे तरी पत्रे खडखडत गल्लीतून गेले, पाठोपाठ गारा तडतडल्या, आणि लाइट गेली. चार वाजता घरात तिन्हीसांजेसारखा काळोख. तेवढ्यात केटररचा फोन. नेहरू नगरजवळ रस्त्यावर झाड पडलं होतं, जेवणाची गाडी पलीकडे अडकली होती. प्रफुल गाडी बघायला बाहेर धावला, हे मला कुणी सांगितलं नाही. मी त्याला सतरंजी काढायला सांगितलं होतं, मला वाटलं, तो स्टोअरमध्येच आहे.

स्वयंपाकघरात माझी सून सुनिता रडकुंडीला आली होती. "आई, इंडक्शन बंद, आपला सिलेंडर कालच संपला. मोटर चालत नाही त पाणी बी नाही. लेकरं भुकेनं रडून राहिली. आता काय करू वं?"

बाहेर बेबीताईंचा आवाज, "पोरीच्या घरी पाणी बी नाही का?"

मी स्टोअरच्या दारात जाऊन उभी राहिले. आत मिट्ट काळोख. गारांचा आवाज इथे पोचत नव्हता, कानात गच्च शांतता भरली होती. वास मात्र येत होता. आधी कडुनिंबाचा. मग रॉकेलचा. रॉकेल आता मिळतं तरी कुठे? मी म्हटलं, "प्रफुल... आत काही आहे का रे? एखादी मेणबत्ती तरी बघ ना बाबा..."

काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग माझ्या पुढे केलेल्या हाताला कंदिलाची कडी लागली. गार, लोखंडी कडी. मी ओढली, पण कंदील सुटेना.

"धरलं," मी म्हटलं. तेव्हा सुटला.

वर्षानुवर्षांची सवय, जीभ आपोआप वळली. माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही. सुनिताने कंदील लावला, घरात पिवळा उजेड पसरला आणि लेकरांनी आरोळी ठोकली. मी परत दारात. आतून स्टोव्ह आला. "धरलं." तांदळाचा डबा आला. "धरलं." डाळ, मीठ, तेल, पापड, लोणच्याची बरणी. पाण्याचे डबे, बाहेरून ओलेगार. मी घ्यायचे, सुनिताकडे द्यायचे, सुनिता पुढे करिष्माकडे. मला इतका आनंद झाला होता, मी आत ओरडले, "वा रे माझ्या लेका! कवा आणून ठेवलं हे सारं?" आत जरा थांबल्यासारखं वाटलं. एवढंच.

थोड्या वेळाने बेबीताई पदर खोचून उठल्या. "सरका बाई, मी घेतो आतून. तुम्ही खिचडीकडं पहा."

मी स्टोव्हपाशी बसले. खिचडीला आधण आलं, जिऱ्याचा वास सुटला. नवरदेव सुगत स्वतः पापड भाजत होता आणि अर्धे जाळत होता. करिष्मा त्याला रागावत होती, आणि दोघं ज्या रीतीने हसत होती ते बघून मला भरून आलं. दोन वर्षांत या घरात असं हसू ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पुढचं दार धाडकन उघडलं. प्रफुल. नखशिखांत भिजलेला, केसांत झाडाची पानं.

"आई, झाड लई मोठं आहे. गाडी काही येत नाही. म्या पार अंडरब्रिजपर्यंत जाऊन आलो..."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

"तू... आत होता ना रे?"

"आत? कुठं आत? आता तं आलो."

मी स्टोअरकडे बघितलं. दारात बेबीताई पाठमोऱ्या उभ्या होत्या, दोन्ही हात काळोखात, कोपरापर्यंत. कुणाशी तरी हळू बोलत होत्या. कंदिलाची वात एकदा फडफडली. मग बेबीताईंचा आवाज स्पष्ट आला, नेहमीसारखा ठसक्यातला नव्हे, अगदी मऊ.

"धरलं, बापा... धरलं."

त्या वळल्या तेव्हा त्यांच्या हातावर एक पांढरी साडी होती. घडीत कडुनिंबाची पानं. आमच्यात लग्नात नवरी पांढरीच साडी नेसते. मी ती साडी आयुष्यात पाहिली नव्हती.

बेबीताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "आतले भाऊ भारी हट्टी आहेत जी. साडी देऊन राहिले, पण सोडतच नव्हते. मी म्हटलं, का झालं? त बोलत बी नाही, नुसते धरून उभे. मग मलेच समजलं." त्यांनी डोळे पुसले. "मी म्हटलं, भाऊ, तुमची पोरगी आमची पोरगी झाली. धरलं. तवा सोडलं. कोण आहेत ते? थोरले दीर का?"

प्रफुल काही बोलणार होता. मी त्याचा हात दाबला.

"घरचेच आहेत," मी म्हटलं.

"कोणी आहे न घरात, बास झालं. मी उगाच बोलली मघा," बेबीताई म्हणाल्या. "तारीख धरा, विहीणबाई. पुढल्या महिन्यातलीच धरा."

विहीणबाई! त्या आल्यापासून मी नुसती 'बाई' होते.

मग काय विचारता. कंदिलाच्या उजेडात त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या, आणि खिचडीच्या पंगती बसल्या. गल्लीतलेही वास घेत आले, त्यांनाही वाढलं. जेवणं झाल्यावर बेबीताईंनी ढोलकी नाही म्हणून रिकामा तांदळाचा डबा मांडीवर घेतला आणि अशी गाणी म्हटली की सुनिता हसून हसून भिंतीला टेकली. सात वाजता लाइट आली, तर लेकरं ओरडली, "बंद करा, बंद करा!" इतकं सुंदर साक्षगंध मी पाहिलेलं नाही. मला भीती वाटली का? वाटली. पण आनंदापुढे तिला बसायला जागाच मिळाली नाही.

सकाळी पाहुणे गेले. मी कंदील, स्टोव्ह, रिकामे डबे घेऊन स्टोअरमध्ये गेले, या वेळी टॉर्च घेऊन.

फळ्या भरलेल्या होत्या. आदल्या दिवशी आतून आलं होतं तेवढंच नाही, त्याहून जास्त. तांदूळ, मीठ, मेणबत्त्यांचे गठ्ठे, पाण्याचे डबे एकावर एक, पार छतापर्यंत, आणि दोराची इतकी मोठी वेटोळी आमच्या घरात त्यांच्या वेळीही कधी नव्हती. गाद्यांना जागा उरली नव्हती. "एवढं?" मी म्हटलं. "कशाले एवढं?" ते असतानाही या प्रश्नाला कधी उत्तर मिळालं नाही.

आणि मग टॉर्चचा उजेड फिरला तिथे, खोलीच्या मध्यावर, पुरुषाच्या हाताच्या उंचीवर, अधांतरी किल्ली होती. प्रफुलने मुठीतून काढून ठेवली होती, तीच. तिथे खिळा नाही, दोरी नाही. मी पुढे होऊन तिला धरलं. हलकेच ओढलं. आली नाही.

धातू कोमट होता.

लग्न आता तोंडावर आलं आहे. सगळी तयारी झाली आहे, करिष्मा दिवसभर गुणगुणत असते. तुम्ही यायचंच. आणि तुमच्याही घरी थोडं पाणी, थोडा तांदूळ, दोन मेणबत्त्या भरून ठेवा. वेळ सांगून येत नाही म्हणतात, पण आमच्या स्टोअरला ती आधी सांगून येते, आणि स्टोअर अजून भरतंच आहे.

किल्ली? ती तिथेच आहे. मी रोज जाते, हात लावते. पलीकडून धरलेली असते. एक शब्द म्हटला की ते सोडतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी म्हणत नाही.