वळणावर हळू होणारी गाडी

लाइट गेली ती आता तासभर काही येत नाही. मोबाइलचे ते दिवे बंद करा आणि नीट बसा. प्रेमराजचं सांगतो. भूतबित मानणाऱ्यातला तो नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. त्याचा विश्वास ना देवावर, ना भुतावर, ना माणसावर. त्यातला शेवटचा अविश्वासच त्याला भोवला.

धुळ्याला देवपुरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. हाताला यश असलेला माणूस, पण नाद जगावेगळा. जुने, परदेशी बनावटीचे शर्यतीच्या गाड्यांचे संच जमवायचे. काळ्या प्लास्टिकचा ट्रॅक जमिनीवर जोडायचा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. त्यात दोन खाचा, एकेका गाडीसाठी एकेक. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते आणि शेजारच्या पट्ट्यांमधून तिला करंट मिळतो. हातातलं बटण जेवढं दाबाल तेवढी गाडी पळते. वळण आलं की बोट सैल करायचं, नाहीतर गाडी उडून भिंतीवर! सगळी करामत काय ती वळणावर.

घरात माणसं दोनच. प्रेमराज आणि धाकटा भाऊ स्वप्नील. आईवडील गेल्यावर प्रेमराजनंच त्याला लहानाचा मोठा केला, स्वतःचं लग्नसुद्धा राहून गेलं त्यात. जीव होता हो भावावर. पण गाड्यांच्या खोलीतली एखादी वस्तू बोटभर सरकली तरी मनात पाल चुकचुकायची. नोव्हेंबरात एका गाडीचं चाक सापडेना. यानं स्वप्नीलला धारेवर धरलं. चाक निघालं कपाटाखाली. चुकलं म्हणायला मात्र याची जीभ रेटली नाही.

स्वप्नील शांतपणे म्हणाला, "दादा, आते एकदाव बी इचारं ना, तर मी नरडाणाले खोली लिसू."

नरडाण्याच्या एमआयडीसीत त्याची नोकरी. खोली बघूनही ठेवली होती पठ्ठ्यानं. हे कळलं आणि प्रेमराज धास्तावला. भाऊ गेला तर त्या घरात बोलायला भिंतीच उरणार होत्या. पुन्हा विचारायचं नाही, असं त्यानं मनाशी घट्ट ठरवलं.

डिसेंबरात त्याला सावद्याहून एका संचाचा निरोप आला, म्हणून तो सकाळच्या एसटीनं निघाला. जळगाव, भुसावळ करत दुपारी पोचला. मोतीलाल नेहेते म्हणून केळीचे व्यापारी होते, ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, खोकं काढून समोर ठेवलं. एक लाल गाडी, एक निळी. रंगाचा टवकाही उडालेला नाही. नवरा-बायको जेवणं झाल्यावर रोज दोन डाव खेळायचे म्हणे.

प्रेमराजनं दोन्ही गाड्या पळवून बघितल्या. ठणठणीत. एवढी चांगली वस्तू ही बाई का देते? इथंच त्याला खोट दिसायला लागली.

"माह्या बोटांले आता बटण दाबणं जमत नाही," कुंदाबाई म्हणाल्या. मग खोकं हातात देताना जरा घुटमळल्या. "भाऊ, एक सांगते. एकटी गाडी पळवू नका. पळवली तं दोन्ही पळवा."

"का?"

बाईंनी खोकं त्याच्या हातात सोडलं आणि त्या आत वळल्या. प्रेमराजनं मनात म्हटलं, एकीत काहीतरी बिघाड आहे आणि दुसरीच्या आवाजात तो झाकायचा आहे.

आता रात्र नीट लक्षात ठेवा. तेरा डिसेंबर, शनिवार. स्वप्नीलची दुसरी पाळी, रात्री अकरापर्यंत. प्रेमराजनं जेवण उरकलं, खालच्या खोलीत ट्रॅक जोडला आणि लाल गाडीच्या मोटारीत नवे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे, घातले. कार्बन नवे घातले की मोटार तासभर एकाच वेगानं चालवायची, म्हणजे ते घासून नीट बसतात. रिवाइंडिंगवाल्यांची ही रोजची रीत. त्यानं लाल गाडीच्या बटणाला रबरबँड गुंडाळला, बटण थोडं दाबलेलं राहील एवढाच. निळी गाडी शर्यत सुरू होते त्या रेघेवर नुसती उभी. एकटी पळवू नका म्हणे! बघूच म्हटलं काय बिघाड आहे तो. गाडी फिरायला लागली आणि हा चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला.

सव्वादहा झाले होते.

आवाज येत होता. घूंऽऽऽ... एकसारखा. मोटारवाल्याच्या कानाला तो अंगाईसारखा. चहाला उकळी आली आणि आवाज बदलला.

घूंऽऽ... मंद झाला. पुन्हा मोठा. पुन्हा मंद.

प्रेमराजनं गॅस बंद केला. रबरबँडनं बांधलेलं बटण वळण ओळखत नाही. वेग एकच राहायला हवा. ही गाडी वळणावर हळू होत होती आणि सरळ रस्त्यावर सुटत होती. कुणीतरी बोटानं चालवत होतं... आणि हात चांगला तयार होता.

स्वप्नील! पाळी बुडवून आला हा.

तो तीरासारखा खोलीत शिरला. खोलीत कुणी नाही. घराच्या बाहेरच्या दाराला आतून कडी. रबरबँड जागच्या जागी. त्यानं ट्रॅकच्या पट्ट्यांना व्होल्टमीटर लावला. काटा बारावर स्थिर, हलायला तयार नाही. आणि समोर लाल गाडी वळणावर येऊन... हळू झाली.

माणूस घाबरला की देवाचं नाव घेतो. प्रेमराजनं संशय घेतला. स्वप्नीलनं गाडीत काहीतरी बसवलं असणार, मोबाइलवरून चालणारं. त्यानं फोन लावला.

"कोठे शे तू?"

"कंपनीमा. काब्र?" मागे मशीनची धडधड स्पष्ट ऐकू येत होती.

तरीही तो म्हणाला, "गाडीले काय लाई ठेवं तू? खरं सांग."



"इचारं तू, दादा," स्वप्नील म्हणाला. फोन बंद झाला.

प्रेमराजनं रागानं ट्रान्सफॉर्मरचा प्लग उपटला. मीटरचा काटा शून्यावर पडला.

गाडी थांबली नाही.

एक फेरी. वळण. हळू... दुसरी फेरी. वळण. हळू... मग ती रेघेवर आली आणि निळ्या गाडीच्या शेजारी उभी राहिली. दोन्हींची तोंडं एका ओळीत.

खोली गप्प.

निळ्या गाडीचं बटण जमिनीवर पडलं होतं. ते कुणी उचलायची वाट बघत असल्यासारखं... प्रेमराजनं ते उचललं नाही. पाठ न फिरवता मागे सरकत तो बाहेर आला आणि ओट्यावर थंडीत बसून राहिला.

स्वप्नील साडेबाराला आला. त्याला सगळं सांगावं, पाय धरावेत, असं प्रेमराजला फार वाटलं. पण गेल्या वेळेसारखीच जीभ रेटली नाही. स्वप्नीलनं वरच्या मजल्यावर जाऊन एक बॅग भरली, आपल्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"बाकीनं सामान संक्रांतले लई जासू," एवढंच बोलला आणि मोटरसायकलवर बसून निघून गेला.

सोमवारी प्रेमराजनं अख्खा संच सावद्याला परत नेला. कुंदाबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यानं काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "वळणावर हळू होत होती ना? मी मागे पडायची, म्हणून थांबायचे ते." खोकं त्यांनी पदरानं पुसलं, छातीशी धरलं आणि आत नेलं.

सुटला म्हणायचा बिचारा. गाड्या गेल्या, आवाज गेला. पण भाऊ काही आला नाही. प्रेमराज रोज फोन हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा.

संक्रांतीला स्वप्नील आला. तिळगूळ हातावर ठेवला, पण नजर वर केली नाही. दोघं जिना चढून गेले. स्वप्नीलनं स्वतःच्या किल्लीनं कुलूप काढलं. महिनाभर बंद असलेली खोली. खिडकीची कडीसुद्धा आतून तशीच. फरशीवर धुळीचा पातळ थर बसलेला.

स्वप्नील उंबऱ्यातच थांबला. वाकून त्यानं फरशी बघितली. मग त्यानं मान वळवून प्रेमराजकडे बघितलं, आणि ती नजर अशी होती की अशा नजरेनं त्या घरात आजवर फक्त प्रेमराजच बघत आला होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मना मांगे आठे कोन बसस?"

धुळीत चिमुकल्या चाकांच्या रेघा उमटल्या होत्या. एकाच गाडीच्या, इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या, शेकडो फेऱ्यांच्या. आणि त्यांच्या कडेला मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी स्वच्छ जागा.

दारापासून तिथवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.