चकतीवरचा मंगळवार

"सारे म्हणून राह्यले, पोलिसायनं तुह्या नवऱ्याचा मारेकरी धरला. पण साहेब, तो नाही हो तो."

गोजरबाई उंबऱ्याजवळ उभी होती. निवृत्ती सपकाळांनी दोनदा खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

सपकाळ पोलीस खात्यातून बाहेर पडल्यापासून खामगावात खाजगी तपासाची कामं घेत. त्यांना कोणतंही वाहन चालवता येत नसे. म्हणून प्रत्येक तपासात शेजारच्या छापखान्याच्या मोतीरामची मोटारसायकल लागे, आणि तिच्याबरोबर मोतीरामही येई. आज मात्र मोतीरामला यावंसं वाटत नव्हतं. त्याच्या छापखान्यात नांदुऱ्याच्या उकंडरावांची निवडणुकीची पत्रकं वाळत होती, आणि गोजरबाईच्या नवऱ्याला उडवणारा ट्रक उकंडरावांचाच होता.

"बाई, तुम्ही पाहिलं काय काय, तेवढंच सांगा," सपकाळ म्हणाले.

"मी वावरात होती. हे सडकेच्या कडंनं कडबा घेऊन येत होते. मागून टरक आला, खडाखडा, खडाखडा वाजत. भांड्याची गाडी जावी तसा. धडकला, जरासा थबकला आन् भन्नाट पळाला. धुळीत मले फक्त मागची बाजू दिसली. हिरवी, अन् तिच्यावर पिवळा मोर."

"तसे दोन ट्रक आहेत ना उकंडरावांचे?"

"हाव. फौजदार म्हणते, बशीरभाईचाच होता. त्याच्या गाडीतल्या घड्याळानं सांगतलं म्हणते." तिनं पदर दातात धरला, मग सोडला. "साहेब, आमच्या वावरापाशी कोंबडी आडवी आली तरी बशीरभाई गाडी थांबवते. माह्या माणसाले मारून तो पळाला असंन तर मले दाखवा. नसंन तर जो पळाला तो दाखवा. मले झोप नाही."

वाटेत मोतीरामला राहवलं नाही. "घड्याळ साक्ष देतंय, मग बाईच्या म्हणण्याला काय अर्थ?"

"घड्याळ काय सांगतं ते आधी ऐकू," मागून सपकाळ म्हणाले.

उकंडरावांचं आवार नांदुऱ्याच्या स्टेशनापासून जवळच होतं. सरकीचा वास, कापसाचे ढीग, आणि फाटकाशी उकंडरावांचाच हसरा चेहरा असलेली पत्रकं. मोतीरामने मान वळवली.

"या, या सपकाळ साहेब!" उकंडराव खळखळून हसले. "काही लपवायचं नाही आपल्याले. हे पाहा."

त्यांनी एका ट्रकचं दार उघडलं. स्टिअरिंगच्या चाकामागे पितळी चौकटीचं जाड घड्याळ बसवलेलं होतं, त्याला कुलूप.

"परदेशी हाये. आत कागदाची गोल चकती फिरते. गाडी पळाली की रेघ वर चढते, थांबली की खाली बसते. ड्रायव्हर कुठं विड्या फुकत बसला, किती जोरात हाकली, सारं कागदावर. हे यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलते."

"किल्ली कोणाकडे?"

"माह्याच कंबरेले."

कचेरीत त्यांनी मंगळवारच्या दोन चकत्या पुढे ठेवल्या. बशीरच्या गाडीचा नंबर असलेल्या चकतीवर दिवेलागणीच्या बऱ्याच आधी रेघ एकदम खाली कोसळली होती आणि लगेच ताडासारखी उभी चढली होती. तीच धडक. दुसऱ्या चकतीवर, उकंडरावांचा भाचा शेषराव चालवतो त्या गाडीच्या, त्याच वेळेला रेघ बराच वेळ तळाशी पडून होती आणि मग टेकाड चढावं तशी हळूहळू वर गेली होती. मोतीरामने दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. त्याला वाटलं, झालं, बशीर संपला.

"आन् हे बशीरचे मागले मंगळवार," उकंडरावांनी आणखी चकत्या टाकल्या. "दर मंगळवारी जळगाव जामोदहून कापूस भरून येताना हा थांबतेच. दिवस मावळायच्या आधी, त्याच वेळेले. इचारलं तर तोंड उघडत नाही. बाई ठेवली असंन कुठं तरी! या मंगळवारी तेवढा थांबला नाही. घाई होती त्याले, म्हणून माणूस मेला."

"तुम्ही त्या दिवशी कुठे होता?"

"अठीच, नांदुऱ्यात. प्रचार सोडून जातो कुठं? पण तुमाले सांगतो, निवडून आलो ना, तर पयले त्या सडकेकडं पाहीन. एक ओढ्यावरची मोरी खचते त गाड्या ओढ्यातून काढाव्या लागते! बोरीच्या झाडापाशी अशी चिकण माती, की मागलं चाक फसून बसते. हे काय राज्य झालं?"

सपकाळांनी मान डोलावली. मोतीरामनेही डोलावली. सडका वाईटच होत्या.

हैदर मुनीम कचेरीच्या कोपऱ्यात बसून होता. उकंडराव बाहेर गेल्यावर तो आवाज खाली ठेवून बोलला.

"रोज संध्याकाळी मालक किल्ली देतात, मी चकत्या काढतो, पाठीवर नंबर टाकतो. मंगळवारी मालकांनी स्वतःच काढून आणल्या. ही बशीरची, ही शेषरावची, म्हणाले. मी नंबर लिहिले."

"असं आधी कधी झालं होतं?"

हैदरने नकारार्थी मान हलवली आणि दाराकडे पाहिलं.

शेषराव गाडीच्या सावलीत बसला होता. उंच, देखणा पोरगा. बोलताना हातातली दोरी गुंडाळत होता आणि सोडत होता.

"मंगळवारी गाडीवर तूच होतास?"

"हाव. जळगावले गेलो. कापूस दुसऱ्यानं उचलला होता, तर रिकामाच आलो. रस्त्यात पंक्चर झालं, म्हणून थांबलो. चकतीवर हायेच ते."

"पंक्चर सोडून वाटेत काही अडचण?"

"काही नाही. सरळ सडकेनं आलो, सरळ."

कोठडीत बशीर भिंतीला पाठ लावून बसला होता. दाढीत पांढरे केस, डोळे जागरणानं सुजलेले.

"मी नाही मारलं साहेब. गाडीत कापूस होता, गठ्ठे वरपर्यंत. मोरीपाशी ओढ्यात उतरलो, तर इंजिन रडून राह्यलं होतं. सडकेचे गँगवाले म्हणाले, सांज होईतो बुजवतो. सकाळी जाताना मोरी चांगली होती, दुपारीच खचली होती."

"त्याआधी तू कुठे थांबला होतास?"

बशीरने तोंड भिंतीकडे वळवलं.

"बशीर, तुला कोणी तिथं पाहिलं असेल तर तू सुटशील."

"मले फाशी झाली तरी चालंन," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ते विचारू नका. त्या घड्याळानं माहा मंगळवार चोरला साहेब. बाकीचे सारे वार देतो त्याले. मंगळवार नाही."

बाहेर आल्यावर मोतीराम चिडला. "हा मूर्ख आहे की गुन्हेगार?"

सपकाळांनी मालकाकडून घेतलेल्या चकत्या उघडल्या. जुन्या चकतीवरच्या रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "जळगावहून भरलेली गाडी निघाल्यावर थोड्याच वेळात थांबते. म्हणजे आसलगावच्या आसपास. चला."

आसलगावात शाळा सुटत होती. शाळा सडकेपासून आत होती. तिच्या मागे एक लिंबाचं झाड, आणि झाडाखाली ट्रकच्या चाकांचे जुने-नवे ठसे. पानाच्या टपरीवर विचारलं.

"हिरवी गाडी? येते ना मंगळवारी. ड्रायव्हर उतरत नाही. नुसता पाहत बसते. पोरं गेली की गाडी चालू करते."

पोरं बाहेर पडली. त्यांत एक मुलगी पाटी छातीशी धरून समोरच्या दारानं निघाली, शाळेच्या कडेनं लिंबाखालच्या रिकाम्या जागेकडे डोकावली आणि मग समोरच्याच बांगड्यांच्या दुकानात शिरली. "शकीला, हातपाय धू," आतून आवाज आला. दुकानात बसलेल्या बाईनं दोन परके पुरुष पाहिले आणि तिच्या हातातल्या बांगड्या खाली पडल्या.

तिचं नाव सरवरी. मुलीला आत पाठवून ती एवढंच म्हणाली, "त्यांनी सांगितलं?"

"नाही. सांगत नाही म्हणून आम्ही आलो," सपकाळ म्हणाले.

मग ती बोलली. बशीरची बायको बाळंतपणात गेली. तान्ह्या पोरीला घेऊन ट्रक कसा चालवणार? सरवरी आणि तिच्या नवऱ्याला मूल नव्हतं. बशीरने पोर त्यांच्या ओटीत घातली आणि शब्द दिला की आपण बाप म्हणून कधी समोर येणार नाही.

"पोरीले माहीत नाही. गावाले नाही. ती आम्हालेच आईबाप म्हणते," सरवरी खाली पडलेल्या बांगड्या वेचत म्हणाली. "साहेब, हे कोर्टात सांगाल?"

मोतीराम दुकानाबाहेर आला. इथं एक शब्द उच्चारला की बशीर सुटत होता. आणि त्याच शब्दाने हे घर फुटत होतं. परतीच्या वाटेवर तो मोटारसायकल नको तितकी जोरात हाकत होता. मोरीवर नवा मुरूम होता. डाव्या हाताला ओढ्यात चाकांनी उकरलेला चिखल आणि एक बोरीचं झाड.

"थांबवा," सपकाळ म्हणाले. ते खाली उतरून झाडाकडे पाहत राहिले, मग हसले. "मोतीराम, आपल्याला आसलगावचं नाव घ्यायची गरज नाही."

दुसऱ्या दिवशी उकंडरावांच्या कचेरीत सगळे जमले. फौजदार, मालक, भाचा, मुनीम, शिपायासोबत बशीर. गोजरबाई इथंही दाराशी उभी होती.

सपकाळांनी दोन चकत्या टेबलावर ठेवल्या.

"फौजदार साहेब, बाईनं सांगितलं होतं, ट्रक खडाखडा वाजत गेला. गठ्ठ्यांनी दाबलेला ट्रक कधी असा वाजतो? फळ्या आणि साखळ्या वाजतात त्या रिकाम्या गाडीच्या. त्या दिवशी बशीर भरलेला होता. रिकामी परतली ती शेषरावची गाडी."

"पण चकती..." फौजदार म्हणाला.

"चकतीच पाहा. रिकामी गाडी शेळीसारखी उडी मारते. भरलेली गाडी म्हशीसारखी उठते. धडकेनंतर ही रेघ उभीच्या उभी चढली आहे. ही रिकामी गाडी. आणि ही दुसरी, जिच्यावर शेषरावच्या गाडीचा नंबर आहे, ती थांबल्यावर हळूहळू उठली. हिच्यात माल होता. यंत्र खोटं बोललं नाही. त्याच्या पाठीवरचे नंबर खोटे आहेत."

मोतीरामने चकत्या ओढून घेतल्या. काल आपण हेच पाहिलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं.

"आणखी एक. बशीर दर मंगळवारी ठरल्या वेळी थांबतो. याच मंगळवारी त्याची सवय सुटली, आणि नेमकी त्याच वेळेला शेषरावच्या गाडीला लागली? चकत्यांची अदलाबदल झाली. किल्ली एकाच माणसाकडे असते. आणि त्या दिवशी मुनीमाला बाजूला ठेवून चकत्या त्याच माणसानं काढल्या."

उकंडराव लाल झाले. "बरं! पोराची चूक झाकली मी. मामा हाये त्याचा!"

"पोराची?" सपकाळ शेषरावकडे वळले. "बाळ, मंगळवारी परत येताना मोरीवरून आलास?"

"हाव. सरळ."

"मोरी दुपारीच खचली होती. एकही गाडी वरून गेली नाही. सगळ्या ओढ्यातून गेल्या. तू सकाळी नांदुऱ्यात असशील, संध्याकाळी असशील, पण त्या सडकेवर नव्हतास. सडकेवर तो होता ज्याला बोरीच्या झाडापाशी मागलं चाक कसं फसतं ते माहीत आहे. उकंडराव, ओढ्यातलं वळण त्या एकाच दुपारचं होतं. आणि तुम्ही तर दिवसभर प्रचारात होता."

"कोणीतरी सांगतलं असंन मले!"

"कोणी?"

उकंडरावांनी भाच्याकडे पाहिलं. शेषरावच्या हातातली दोरी खाली पडली.

"मामा, मले नाही जमत," तो रडू लागला. "मी मलकापुरात होतो साहेब, मित्राच्या लग्नात. मामा म्हणाले, कापूस दुसरा उचलंन, मीच जातो. किती वर्षं झाली त्याईनं गाडी धरली नव्हती. डोळ्याले नीट दिसत नाही. रात्री मले म्हणाले, तू पंक्चर झालं म्हण. निवडणूक हाये म्हणाले."

उकंडराव खुर्चीत खचले. "तो एकदम मधात आला," ते पुटपुटले. "थांबलो होतो मी. उतरणार होतो."

"थबकला होतास," दारातून गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी पाह्यलं. थबकला, आन् गेला. माहा माणूस सांजेपर्यंत जिता होता. तुह्या गाडीत घालून नेला असता तर जगला असता." ती पहिल्यांदा खाली बसली, भिंतीला टेकून, आणि पहिल्यांदाच रडली. हैदर मुनीम उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

फौजदाराने बशीरच्या हातातली बेडी काढायला सांगितली. मग त्याने कागद ओढला. "एक राहिलं. बशीर त्या वेळी थांबला होता कुठे? लिहावं लागेल."

बशीरचा चेहरा राखेसारखा झाला.

"त्याची गाडी उभी होती, एवढं चकती सांगते," सपकाळ म्हणाले. "उभा माणूस कोणाला चिरडत नाही. त्यापुढचं विचारायचा अधिकार मालकाला नव्हता, तुम्हालाही नाही."

फौजदाराने टोपण लावून पेन खिशात घातलं.

बाहेर उन्हात बशीर मोटारसायकलपाशी आला.

"तुम्ही तिकडं गेले होते?"

"गेलो होतो," सपकाळ म्हणाले.

"कोणाले सांगू नका साहेब. मी शब्द दिला होता. सरवरीबाईले कळलं मी तिथं उभा राह्यतो, तर तिले वाटंन..."

सपकाळांनी मोतीरामकडे पाहिलं. मोतीराम घसा खाकरून म्हणाला, "तिला सुरुवातीपासून माहीत आहे, बशीरभाई, तिनंच सांगितलं आम्हाला. घरी यायची जवळची वाट शाळेच्या समोरच्या दारानं आहे. दर मंगळवारी ती पोरीला बजावते, आज मागच्या दारानं ये, लिंबाखालून."