राहिलेलं वाक्य

दादाने कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढलं आणि आत जोरात फुंकर मारली. सगळी धूळ त्याच्याच तोंडावर आली. धाकटीने ओला फडका पुढे केला. हसली मात्र नाही.

"किती वर्षांत उघडला नाहीयेस हा?" दादाने डोळे चोळत विचारलं.

"उघडणारा तू. मी कशाला हात लावू?"

दादाचं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं, तेही पलीकडच्या गावात. जगाची यंत्रं तो धावती करायचा आणि आईच्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर मात्र "पुढच्या खेपेला नक्की" आणायचा. ती खेप आज उजाडली होती. आई गेल्यावर.

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा आईची वाचा गेली. ती एका बोटाने टाइप करायची आणि कॉम्प्युटर ते मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यात आवाज होता तो एका पुरुषाचा, अगदी कोरडा. आईला त्याचं सुरुवातीला हसू यायचं. पण यंत्र इतकं रखडायचं, की चहा हवा का विचारलं तर उत्तर येईपर्यंत घरातल्यांचे कप विसळून झालेले असायचे. म्हणून त्या घरात एक प्रश्न विचारला, की त्याचं उत्तर आल्याशिवाय कुणी दुसरा विचारत नसे. पाहुण्यांना ही शांतता चमत्कारिक वाटायची.

शेवटच्या दुपारी धाकटीने विचारलं होतं, "आई, काय होतंय तुला?" आई बराच वेळ टाइप करत राहिली. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. यंत्र अडकलं होतं, नुसता पंखा घरघरत होता. धाकटीने दादाला फोन लावला. "बंद करून परत चालू कर," तो म्हणाला, गिऱ्हाइकाला सांगतो तसं. तिने केलं. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत आई गेली होती, आणि ते वाक्यही.

आई शेवटी काय म्हणाली, एवढंच तिला हवं होतं. दादाकडून तर आता काहीच नको होतं. पण तिची टायपिंगची कामं त्या रखडणाऱ्या यंत्रावर होईनात, म्हणून त्याला बोलावणं भाग होतं.

दादाने पंखा उचलला. खालची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट खडूसारखी वाळली होती, ती त्याने पुसून काढली. जुना प्रोसेसर अलगद काढून टेबलावर ठेवला, नव्याची खूण जुळवून तो बसवला, वर वाटाण्याएवढी पेस्ट लावली आणि पंखा घट्ट केला. हात मात्र त्याचा सफाईचा. तिला त्याचाही राग आला.

"तो बोलणारा प्रोग्राम काढून टाकू? उगाच जागा खातो."

"त्याला हात लावू नकोस."

कॉम्प्युटर बघता बघता सुरू झाला. दादा समाधानाने मागे रेलला, तोच स्पीकरमधून तो कोरडा आवाज आला.

"चहा नको."

कीबोर्ड अजून भिंतीशी उभा होता, जोडलेलाच नव्हता.

"जुनं काहीतरी साठून राहिलं असेल," दादा म्हणाला. "वेग मिळाला, बाहेर पडलं."

"बंद केलं की पुसलं जातं म्हणाला होतास. मी रडत विचारलं तेव्हा."

स्पीकर पुन्हा बोलू लागला.

"खिडकी लाव. ऊन डोळ्यांवर येतंय."

मग थोड्या वेळाने, "उशी जरा वर घे."

धाकटीने ती लगेच ओळखली. त्या दुपारचीच वाक्यं होती ही, त्याच क्रमाने. तिने उशी वर घेतली होती आणि मग विचारलं होतं, काय होतंय तुला.

"बंद कर ते," दादा उठला. "मला नाही ऐकवत."

"तुला तेव्हाही वेळ नव्हता."

"मग ऐक तू एकटीच." त्याने मोटारसायकलची किल्ली उचलली. 'जेवून जा' तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. एवढी वर्षं आईने वाट पाहिली, तर याला एक दिवस उपाशी जाऊ दे, असं तिला वाटलं. ती दारापर्यंतही गेली नाही.

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला. ती स्पीकरजवळ खुर्ची ओढून बसली.

"दादाला जाऊ देऊ नकोस. किल्ली काढून घे त्याच्याकडून."

ती ऐकतच राहिली. त्या दुपारी दादा इथे नव्हताच. तो त्याच्या दुकानात होता. कुठली किल्ली दिसली होती आईला?

ती अनवाणीच फाटकापर्यंत धावली. रस्ता मोकळा होता. पेट्रोलचा वास अजून हवेत होता. तिने फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला.

कुणी उचलला नाही.

ती आत आली.

"आई," ती म्हणाली, "तो नीट पोचेल ना?"

आणि सवयीने गप्प बसली. दुसरा प्रश्न विचारला नाही.

स्पीकर गप्प. खोलीत ऊन उतरत गेलं.

मग तिचा फोन वाजला. वहिनीचं नाव होतं. तिने तो हातात घेतला, तेव्हा मागून तो कोरडा आवाज म्हणाला,

"तिला सावकाश सांग."

तिने फोन कानाला लावला.

"अगं, हे निघाले का तिथून?" वहिनी विचारत होती. "जेवायची थांबलेय मी."