खड्ड्यांचा नकाशा

"तुझ्या सायकलच्या कॅरिअरवर कुणाला बसवतोस का?"

हा प्रश्न माझा नव्हता, मैत्रिणींचा होता. सकाळी आमच्या गल्लीत पेपर टाकणाऱ्या मुलाला तो विचारायची पैज मात्र मी घेतली होती. दोघी जिन्यात तोंड दाबून हसत होत्या. त्याने एक पाय जमिनीवर टेकवला, पेपरची गुंडाळी बरोब्बर तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत भिरकावली आणि मग सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"तिथे पेपर असतात," तो म्हणाला. "तू तुझी सायकल आण की."

झाली का पंचाईत! सायकल होती, पण दोन वर्षं जिन्याखाली धूळ खात पडलेली. दहावी झाली तरी मला ती चालवता येत नाही, हे सांगताना माझे कान तापले. तो हसला नाही. उद्या पेपर टाकून झाले की येतो, एवढंच म्हणाला.

खरं तर माझं सगळं घोडं त्या सायकलपाशीच अडलं होतं. मला पुलापलीकडच्या चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे बस जात नाही. बाबांचं म्हणणं, आधी आपली गल्ली तरी न पडता पार कर, मग फॉर्मचं बघू. आणि फॉर्मची शेवटची तारीख होती सोमवार.

बाबा विमा कंपनीत अपघातांच्या फायली वाचतात. जगात काय काय बिघडू शकतं ते त्यांना तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी सायकल घेतली तेव्हा त्यांनी प्रेमानेच मला गल्लीतल्या खड्ड्यांचा नकाशा काढून दिला होता... चौदा खड्डे, चौदा लाल गोल. मी तो पाठ केला आणि चौदाही खड्ड्यांत पडून आले. आई नर्स आहे. गुडघ्याला पट्टी बांधताना ती म्हणायची, एखादा तरी चुकवायचास गं.

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्याच खड्ड्यात आडवी झाले.

"पडायच्या आधी कुठे बघत होतीस?" त्याने विचारलं.

खड्ड्याकडेच की, मी म्हटलं, चुकवायचा नाही का? आणि पुरावा म्हणून खिशातला नकाशा काढून दाखवला. त्याने शाईने काळ्या झालेल्या बोटांत तो धरला, उलटसुलट करून पाहिला.

"छान आहे. पण यात तुझं कॉलेज कुठंय?"

कॉलेज नव्हतंच.

मग तो गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. "खड्डे असू देत. जिथे पोचायचंय तिकडे बघ."

"म्हणजे तुझ्याकडे?"

"सध्या तरी..." असं काहीसं पुटपुटून तो उगाच स्वतःच्या सायकलची घंटी पुसायला लागला.

मी बघितलं. उसवलेल्या खिशाचा निळा शर्ट, कपाळावर आलेले केस, आणि आता लाल झालेले कान... त्याचे. भानावर आले तेव्हा हँडल त्याच्या हातात होतं आणि चौदा खड्डे माझ्या मागे.

रोज तो थोडा लांब उभा राहायचा. कोपऱ्यावर, मग दवाखान्यापाशी, मग पुलाच्या तोंडाशी. शनिवारी मी पुलावर पोचले तर हा बाजूला सरकला. आता माझ्याकडे नको, तिकडे बघ, म्हणाला. पलीकडे कॉलेजचं हिरवं फाटक दिसत होतं. मी नजर तिथे रोवली आणि पॅडल मारत सुटले. कानात वारा... फाटकाला हात लावला तेव्हाच थांबले.

तो धापा टाकत मागून आला.

"एकदाही वळून बघितलं नाहीस," तो म्हणाला.

"तूच सांगितलंस ना."

"हो, पण... एकदा चाललं असतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. चांगलं मन भरेपर्यंत.

"मग शेजारून चालव," मी म्हटलं. "वळायची गरजच नाही."

त्याने आपली सायकल माझ्या सायकलशेजारी आणून लावली. मग म्हणाला, "रोज?"

"रोज."

रविवारी सकाळी मी चहाच्या कपांमध्ये नकाशा पालथा पसरला. मागच्या कोऱ्या बाजूवर रात्री बसून मी गल्ली काढली होती, पूल काढला होता, हिरवं फाटक काढलं होतं. बाबांनी चष्मा लावून विचारलं, यात खड्डे कुठे गेले?

"आहेत तिथेच आहेत, बाबा. मी उद्या फॉर्म भरणार आहे. कॉलेजला सायकलने जाणार आहे. आणि पुलावर दोन सायकली दिसताहेत ना, त्यातली दुसरी कुणाची, तेही आज सांगणार आहे. आई, तूपण बस."