कांडोळाच्या एकोणीस काड्या

"ममते, रोपं कुठायत? पाणी घालायची पाळी तुझी होती ना!" यशराजने झारी आपटली.

ममता बघतच राहिली. काल संध्याकाळी तिने पाणी घातलं तेव्हा शाळेच्या बागेत इथे कांडोळाची एकोणीस रोपं होती. दिल्लीच्या टेकड्यांवरून जवळजवळ नाहीसं झालेलं झाड! शाळेच्या मुलांनी बी रुजवून दोन वर्षं जिवापाड जपलेलं! आता तिथे अशोकाची हिरवीगार रोपं ऐटीत उभी होती. उद्या शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं ना!

"देवाशपथ, मला काही माहीत नाही रे!" तिने बाहीने डोळे पुसले. नाताळच्या सुट्टीत रोपं सांभाळायचं काम तिने स्वतः मागून घेतलं होतं. आता शाळाभर तिचंच नाव बदनाम होणार.

"रडतेस काय, यार! खाली बघ," त्यांची मैत्रीण सुरुची वाकून म्हणाली. "लाल मुरूम! आपणच टेकडीवरून आणून खड्ड्यांत घातलेला!"

हातगाडीतून सांडलेल्या त्या मुरमाचा माग धुक्यातून फाटकाबाहेर गेला होता. १९९८ सालच्या दिल्लीतल्या द्वारकेत घरांपेक्षा बांधकामंच जास्त! माग काढत तिघं पोहोचली, तर अशाच एका अर्धवट सोसायटीमागे चौकीदार शेकोटी पेटवायला बसला होता. हातात काडेपेटी, पुढ्यात मुळांसकट उपटलेल्या त्यांच्या रोपांची मोळी!

"रुको, भैया!" ममताने मोळीवर झडपच घातली.

"अरे, बागवानी के ठेकेदार दीनानाथजी ने दी है जलाने को!"

यशराज मोठा वस्ताद. "इससे तो बस धुआँ होगा! ये लो." त्याने शेजारच्या मोडक्या खोक्याच्या फळ्या पुढे केल्या. चौकीदार खूश, मोळी मुलांची!

तिघं धापा टाकत परतली, तर दीनानाथ मुख्याध्यापिका कुसुमावतीबाईंना खुशाल सांगत होता, "मॅडम, सब सूख गए थे. बच्ची ने पानी ही नहीं दिया."

बाईंनी ममताकडे नाराजीने पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

"रोज घातलंय, बाई! हे झाड थंडीत सगळी पानं टाकतं. मेलेलं नसतं!" तिने एका काडीची साल नखाने जराशी खरवडली. आत ओलं, हिरवंगार! "दीनानाथजी, आप एक सूखी ढूँढके दिखाओ!"

दीनानाथने एकेक करून सगळ्या काड्या तपासल्या. सुकलेली एकही मिळेना! त्याचं तोंड एवढंसं झालं.

"मुझे क्या पता था..." तो पुटपुटला.

"तो बच्चों से पूछ लेते!" बाई कडाडल्या. "अशोक निकालिए और ये फिर से लगाइए. अभी!" मग ममताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मीसुद्धा आधी तुलाच विचारायला हवं होतं. चुकलं माझं. शाबास गं पोरी!"

"पण बाई, उद्या पाहुण्यांना नुसत्या काड्या दिसतील," सुरुची हळूच म्हणाली.

"दिसू देत! ममता सांगेल त्यांना सगळं."

आणि ममताने सांगितलंही, अगदी ठणकावून!

मे महिन्यात एका सकाळी ती धावत बाईंच्या खोलीत शिरली. आत मीटिंग चालली होती. "बाई, पालवी! सतरा झाडांना पालवी!"

बाईंनी मीटिंग तशीच टाकली, पदर खोचला आणि तिच्या मागोमाग बागेकडे पळत सुटल्या.